स्वीटसीआरएममधला ‘डेटाबेस फेल्युअर’ : आधी लॉगमधला आकडा, मग दुरुस्ती

स्वीटसीआरएम या ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लीड (संभाव्य ग्राहकाची नोंद) सेव्ह करताना, रिपोर्ट उघडताना किंवा यादीचे पुढचे पान बघताना अचानक पडद्यावर एकच ओळ येते : ‘डेटाबेस फेल्युअर. प्लीज रेफर टू स्वीटसीआरएम.लॉग फॉर डीटेल्स.’ सर्व्हरची डिस्क भरलेली असो, एखादा कॉलम गायब असो की कुणी ग्राहकाच्या नोंदीत इमोजी चिकटवलेला असो, ओळ तीच. ती मोघम आहे हे एका अर्थी बरेच आहे. खरी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) पडद्यावर आली असती, तर टेबलांची रचना आणि ग्राहकांचे फोन नंबर समोर बसलेल्या कुणालाही दिसले असते. स्वीटसीआरएम २०१३ मध्ये शुगरसीआरएमच्या कम्युनिटी आवृत्तीतून वेगळे झाले आणि हे वाक्य तिथूनच सोबत आले; बदलले ते फक्त लॉग फाइलचे नाव.

ही ओळ दिसली की बहुतेक ॲडमिन थेट ‘क्विक रिपेअर अँड रिबिल्ड’ हे दुरुस्तीचे बटण दाबतात. हा क्रम उलटा आहे. ते बटण एकाच जातीच्या बिघाडावर चालते. बाकीच्यांवर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि त्याच्या पानाच्या तळाशी येणारी एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतल्या आज्ञा) न वाचता चालवली तर चांगली माहिती कापली जाऊ शकते. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी हे माहिती साठवणारे डेटाबेस प्रत्येक चुकीला चार आकडी क्रमांक देतात. तो क्रमांक हातात येईपर्यंत कशालाही हात लावू नये.

पुढचे सगळे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर चालणाऱ्या स्वीटसीआरएमबद्दल आहे. फाइली आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत.

लॉग उघडण्याआधी

ज्याला एरर आली त्याच्याकडून चार गोष्टी घ्या : नेमकी वेळ, युजरचे नाव, कोणते मॉड्यूल आणि कोणती नोंद, आणि त्या क्षणी नेमके काय केले. ‘सकाळपासून चालत नाहीये’ या उत्तरावर थांबू नका. घड्याळ बघून एकदा पुन्हा करून दाखवायला सांगा.

वेळेबाबत एक गफलत नेहमी होते. सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर चालतो, म्हणजे लॉगमधली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. दुपारी ३:१० ला आलेली एरर तिथे ९:४० ला सापडेल. ३:१० भोवती शोधून ‘लॉगमध्ये काहीच नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

याच चार उत्तरांतून अर्धे निदान होते. एकाच युजरला त्रास असेल तर त्याची जतन केलेली प्राधान्ये संशयित. एकाच नोंदीवर एरर असेल तर त्या नोंदीतली माहिती. एका मॉड्यूलमध्ये सगळ्यांना असेल तर टेबलाची रचना. सगळ्या मॉड्यूलमध्ये सगळ्यांना असेल तर सर्व्हर, डिस्क किंवा कनेक्शन. आणि रोज ठरावीक वेळीच येत असेल तर क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे) किंवा बॅकअप.

मग बॅकअप. डेटाबेसचा मायएसक्यूएलडंप (प्रत काढणारी कमांड) ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ पर्यायासह घ्या, म्हणजे इनोडीबी या साठवण-प्रकारातली टेबले कुलूपबंद न होता सुसंगत प्रत मिळते आणि लोकांचे काम थांबत नाही. सोबत आपले बदल असलेले ‘कस्टम’ फोल्डर, कॉन्फिग.पीएचपी आणि कॉन्फिग_ओव्हरराइड.पीएचपी यांची प्रत. डेटाबेस आणि ‘कस्टम’ फोल्डर एकाच वेळचे हवेत. एक कालचे आणि एक आजचे असेल तर ती जोडीच पुढच्या १०५४ चे (‘कॉलम सापडत नाही’ या चुकीचे) कारण ठरते.

लॉग कुठे, आणि तो गप्प का

आवृत्ती ७ मध्ये स्वीटसीआरएम.लॉग मूळ फोल्डरमध्येच असतो. आवृत्ती ८ मध्ये जुना गाभा ‘पब्लिक/लेगसी’ या फोल्डरात गेला, त्यामुळे हा लॉगही तिथे. नव्या थराचे वेगळे लॉग ‘लॉग्ज’ फोल्डरात. आठमध्ये काम करणारे अनेकजण फक्त नवे लॉग बघतात, पण डेटाबेसची बहुतेक चूक जुन्या लॉगमध्ये नोंदलेली असते. दोन्ही उघडा.

लॉगची पातळी ॲडमिनमधल्या ‘सिस्टिम सेटिंग्ज’च्या तळाशी ‘लॉगर सेटिंग्ज’मध्ये ठरते. सामान्यतः ती ‘फेटल’ असते आणि क्वेरी फसल्याची नोंद या पातळीलाही होते, म्हणून बहुतेक वेळा पातळी वाढवावी लागत नाही. घाईने ‘डीबग’ लावणे ही नेहमीची चूक. मूळ मांडणीत फाइल १० एमबीची झाली की नवी सुरू होते आणि जुन्या १० फाइलीच ठेवल्या जातात. गर्दीच्या वेळी डीबग इतक्या ओळी ओततो की हवी ती नोंद थोड्याच वेळात पुसली जाते. खरेच गरज पडली तर पातळी ‘एरर’ करा, चूक पुन्हा घडवा, लगेच परत ‘फेटल’ करा.

फाइलमध्ये नवी ओळच येत नसेल तर तीन कारणे तपासा. वेब सर्व्हरच्या युजरला (उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा) त्या फाइलवर लिहिण्याचा अधिकार नाही. पातळी ‘ऑफ’ आहे. किंवा डिस्कवर जागा नाही. तिन्ही ठीक असतील तर पीएचपीचा (स्वीटसीआरएम ज्या भाषेत लिहिले आहे तिचा) एरर लॉग बघा. पीएचपी मध्येच मेमरी संपून मेला तर स्वीटसीआरएमला स्वतःचा लॉग लिहायला संधीच मिळत नाही.

जाता जाता : अपाचे या वेब सर्व्हरवर एचटीॲक्सेस फाइल ‘.लॉग’ फाइली ब्राउझरमधून उघडू देत नाही. एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. एन्जिनएक्सवर असाल तर लॉगचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघा. उघडला तर डेटाबेसच्या आधी ती दुरुस्ती करा.

ओळ वाचण्याची रीत

एक नमुना असा दिसेल :

मंगळ ९:४०:१२ [२३१७][१][फेटल] क्वेरी फेल्ड : सिलेक्ट लीड्स.आयडी, लीड्स_सीएसटीएम.बजेट_सी फ्रॉम लीड्स … : मायएसक्यूएल एरर १०५४ : अननोन कॉलम ‘लीड्स_सीएसटीएम.बजेट_सी’ इन ‘फील्ड लिस्ट’

पहिला चौकटी कंस म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, दुसरा युजरचा आयडी, तिसरा पातळी. इन्स्टॉलेशनच्या वेळी तयार झालेल्या पहिल्या ॲडमिनचा आयडी १ असतो. आधी शेवट वाचा : क्रमांक आणि त्यानंतरचे वाक्य. मग क्वेरी सिलेक्ट आहे, इन्सर्ट आहे की अपडेट. त्यानंतर टेबलाचे नाव. एकाच प्रोसेस क्रमांकाखाली लागोपाठ अनेक फेटल ओळी असतील तर सर्वांत वरची महत्त्वाची, खालच्या बहुधा तिचेच पडसाद.

आता ती क्वेरी उचलून मायएसक्यूएलच्या कन्सोलमध्ये किंवा पीएचपीमायॲडमिनमध्ये चालवा. सिलेक्ट असेल तर थेट. इन्सर्ट किंवा अपडेट असेल तर चाचणीच्या प्रतीवर. तेही शक्य नसेल तर ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ आणि ‘रोलबॅक’ यांच्या मध्ये. मात्र आधी टेबल इनोडीबी आहे याची खात्री करा. जुन्या मायआयसॅम टेबलावर रोलबॅक काहीही परत आणत नाही.

हीच क्वेरी कन्सोलमध्ये वेगळी वागली तर गोंधळू नका. स्वीटसीआरएमच्या नव्या आवृत्त्या डेटाबेसशी जोडणी होताच त्या सत्रापुरता ‘स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स’ (न बसणारी माहिती नाकारणारा) हा मोड काढून टाकतात. कन्सोल मात्र सर्व्हरचा मूळ मोड वापरतो. तुलना करायची तर कन्सोलमध्येही तो मोड काढून मगच क्वेरी चालवा.

१०५४ : कॉलम सापडत नाही

सगळ्यांत जास्त भेटणारा क्रमांक हाच. कारण स्वीटसीआरएममध्ये एक फील्ड चार ठिकाणी राहते. स्टुडिओतून (फील्ड जोडण्याच्या ॲडमिनमधल्या साधनातून) लीड्सला ‘बजेट’ जोडले की ‘लीड्स_सीएसटीएम’ टेबलात ‘बजेट_सी’ कॉलम बनतो, ‘फील्ड्स_मेटा_डेटा’ टेबलात त्याची नोंद होते, ‘कस्टम’ फोल्डरमध्ये वार्डेफ फाइल (फील्डची व्याख्या) लिहिली जाते आणि ‘कॅशे’ फोल्डरमध्ये त्यांची एकत्रित प्रत ठेवली जाते. चारपैकी एक मागे राहिले की प्रोग्राम नसलेला कॉलम मागतो.

तपासणी या क्रमाने करा.

पहिले, ‘शो कॉलम्स फ्रॉम लीड्स_सीएसटीएम’ चालवा. कॉलम खरोखर नाही का? नसेल, तर ‘फील्ड्स_मेटा_डेटा’मध्ये त्याची ओळ शोधा. ओळ आहे पण कॉलम नाही, किंवा वार्डेफ फाइल आहे आणि दोन्ही नाहीत, तर बहुधा चाचणी सर्व्हरवरून फाइली आणल्या आणि डेटाबेस राहिला. रिपेअर बटणाची खरी जागा ही. ॲडमिन, रिपेअर, क्विक रिपेअर अँड रिबिल्ड. पानाच्या अगदी तळाशी जा. डेटाबेस आणि वार्डेफ यांत फरक असेल तर एसक्यूएलची चौकट दिसते. बरेचजण तळापर्यंत जातच नाहीत आणि ‘रिपेअर करूनही तेच’ म्हणतात.

चौकटीतली प्रत्येक ओळ वाचा. ‘ॲड कॉलम’ बिनधोक. ‘मॉडिफाय’ दिसले की थांबा : वार्कॅर (मजकुराच्या कॉलमची कमाल लांबी) २५५ वरून १०० होणार असेल तर आधी त्या कॉलममधली सर्वांत लांब नोंद किती अक्षरांची आहे ते ‘मॅक्स(कॅर_लेंग्थ)’ने बघा. स्ट्रिक्ट मोड काढलेल्या सत्रात जास्तीचा मजकूर एरर न देता कापला जातो. चौकटीतला मजकूर बदलता येतो. नको ती ओळ पुसून मग ‘एक्झिक्यूट’ करा.

दुसरे, कॉलम ‘_सीएसटीएम’ टेबलात आहे पण एरर ‘लीड्स.बजेट_सी’ म्हणते, म्हणजे मुख्य टेबलात शोधते आहे. इथे रिपेअर व्यर्थ. एकतर वार्डेफमध्ये ‘सोर्स’ची किंमत ‘कस्टम_फील्ड्स’ लिहायची राहिली, किंवा कुणीतरी लॉजिक हूकमध्ये (नोंद सेव्ह होताना वगैरे चालणाऱ्या स्वतःच्या कोडमध्ये) हाताने लिहिलेल्या क्वेरीत चुकीचे टेबल घातले. ‘कस्टम’ फोल्डरात त्या फील्डचे नाव ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) शोधा.

तिसरे, फील्ड मुद्दाम काढलेले आहे आणि तरी कुणीतरी ते मागते आहे. जतन केलेला शोध, रिपोर्ट, वर्कफ्लोची अट, होमपेजवरचे डॅशलेट ही नेहमीची ठिकाणे. त्रास फक्त एकाला असेल तर त्याच्या यादीचा क्रम त्या मेलेल्या फील्डवर लावलेला असतो आणि तो ‘यूजर_प्रेफरन्सेस’मध्ये जपून ठेवलेला असतो. त्या युजरच्या प्रोफाइलमधून ‘रीसेट यूजर प्रेफरन्सेस’ करा. त्याची वेळ, तारखेची पद्धत वगैरे मूळपदावर जाते, हे त्याला आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वेगळी तक्रार येते.

१०५४ चा भाऊ ११४६ : टेबलच नाही. विंडोजवरच्या झॅम्पमधून (चाचणीच्या तयार सर्व्हर-संचातून) लिनक्सवर नेल्यावर आला तर आधी नावातली लहानमोठी अक्षरे बघा. विंडोजवर मायएसक्यूएल टेबलांच्या नावात तो भेद करत नाही, लिनक्सवर करतो.

१३६६ : नमस्काराचा इमोजी

व्हॉट्सॲपवरचा संदेश जसाच्या तसा उचलून ‘डिस्क्रिप्शन’मध्ये टाकायचा, ही आपल्याकडच्या सेल्स टीमची रोजची सवय. शेवटी जोडलेले हात असतातच. मग लॉगमध्ये येते : ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ आणि पुढे बाइट एफ०, ९एफ, ९९, ८एफ. हे चार बाइट म्हणजेच तो नमस्कार.

मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट देतो. देवनागरी तीन बाइटांत बसते, म्हणून मराठी नावे वर्षानुवर्षे सुखाने साठतात आणि पहिल्या इमोजीला चार बाइट लागले की गाडी अडते. त्यामुळे एररमधला पहिला बाइट बघा. एफ० असेल तर टेबल तीन बाइटी आहे. ई० आणि मागोमाग ए४ किंवा ए५ असेल तर देवनागरीच नाकारली गेली, म्हणजे टेबल किंवा कॉलम लॅटिन१ या युरोपीय अक्षरांच्या जुन्या संचात आहे. हा वेगळा आणि जास्त नाजूक आजार.

स्ट्रिक्ट मोड नसलेल्या सत्रात ही एरर दिसतच नाही. मजकूर इमोजीपाशी कापला जातो किंवा तिथे प्रश्नचिन्ह येते. माझ्या मते ते एररपेक्षा वाईट, कारण पुढचा पत्ता गायब झाल्याचे कुणाला कळत नाही.

एफ० साठी उपाय : बॅकअपनंतर ‘आल्टर टेबल … कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४’ (चार बाइटांचा संच) प्रत्येक टेबलावर, आणि कॉन्फिग_ओव्हरराइडमध्ये ‘डीबीकॉन्फिगऑप्शन’खालचे कॅरसेट आणि कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) त्याच जोडीचे. कोलेशन सगळ्या टेबलांना एकच द्या, एकेका टेबलाला वेगळे नको. या कमांडने ‘टेक्स्ट’ कॉलम ‘मीडियमटेक्स्ट’ होऊ शकतो; नंतर रिपेअरच्या चौकटीत तो फरक दिसला तर दचकू नका.

लॅटिन१ साठी हीच कमांड थेट चालवू नका. ॲपमध्ये मराठी नीट दिसते पण पीएचपीमायॲडमिनमध्ये टोप्या घातलेली युरोपीय अक्षरे दिसतात, अशी स्थिती असेल तर यूटीएफ८ चे बाइट लॅटिन१ च्या वेष्टनात साठले आहेत. थेट बदलले की ती कचरा अक्षरेच कायमची होतात. कॉलम आधी ब्लॉब किंवा वारबायनरी (नुसते बाइट साठवणारा) करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४ चा टेक्स्ट किंवा वार्कॅर. एका टेबलाच्या प्रतीवर करून दहावीस नावे डोळ्यांनी वाचून बघा, मगच पुढे.

१११८ : ओळ मावत नाही

इमोजीसाठी यूटीएफ८एमबी४ केले आणि लगेच हा क्रमांक आला, असे अनेकदा घडते. मायएसक्यूएलमध्ये एका ओळीच्या सगळ्या कॉलमांची घोषित लांबी मिळून ६५,५३५ बाइटांपुढे जाऊ शकत नाही. प्रत्यक्ष मजकूर किती आहे याला महत्त्व नाही. स्टुडिओत टेक्स्टफील्ड बनवताना लांबी २५५ तशीच ठेवली जाते. तीन बाइटांत ती ७६७ बाइट खाते (२५५ गुणिले ३, अधिक लांबीचे २), चार बाइटांत १,०२२. आयडीची जागा वजा करता ‘_सीएसटीएम’ टेबलात पहिल्या हिशेबाने ८५ फील्ड बसतात, दुसऱ्याने ६३. म्हणजे ७० फील्डांचे चालते टेबल रूपांतर करतानाच अडते.

उपाय पैसे खर्चून मोठा सर्व्हर घेण्याचा नाही. पिनकोडला २५५ अक्षरे कशाला? पिनकोड ६, पॅन १०, जीएसटी क्रमांक १५, मोबाइल २०. आधी प्रत्येक कॉलममधली सर्वांत लांब नोंद मोजा, मग स्टुडिओतून कमाल लांबी कमी करा आणि कॉलम तसाच बदलला का ते ‘शो क्रिएट टेबल’ने पडताळा. मोठा मजकूर असलेली फील्ड टेक्स्टएरियात न्या. टेक्स्ट प्रकारचा कॉलम या मर्यादेत फक्त ९ ते १२ बाइट धरला जातो.

संदेशात ६५,५३५ ऐवजी ८,१२६ असा आकडा असेल तर मर्यादा इनोडीबीच्या पानाची आहे. टेबलाचा रो फॉरमॅट ‘कॉम्पॅक्ट’ असेल तर ‘डायनॅमिक’ करून बघा.

बाकीचे, थोडक्यात

१२६७, म्हणजे कोलेशनची सरमिसळ. मायएसक्यूएल ८ वर गेल्यावर नवी टेबले ‘०९००_एआय_सीआय’ कोलेशनमध्ये बनतात आणि जुनी ‘जनरल_सीआय’मध्ये राहतात, दोन्ही जोडणारी क्वेरी फसते. इन्फर्मेशन_स्कीमातल्या कॉलम्सच्या यादीतून वेगळे पडलेले शोधा आणि सगळे एकसारखे करा.

१०५५ आला तर सर्व्हरवर ‘ओन्ली_फुल_ग्रुप_बाय’ हा गट पाडणाऱ्या क्वेरींबाबत कडक असणारा मोड चालू आहे, मायएसक्यूएल ५.७.५ पासून ते आपोआप असते. तुमच्याच कस्टम क्वेरीत असेल तर क्वेरी सुधारा, मोड बदलणे ही तात्पुरती मलमपट्टी.

१०३० सोबत ‘एरर २८’ म्हणजे डिस्कवर जागा नाही. ‘डीएफ’ कमांड दोनदा चालवा, एकदा जागेसाठी आणि एकदा ‘आय’ पर्यायासह आयनोडसाठी (फाइलींच्या नोंदींसाठी). टेम्प फोल्डर वेगळ्या विभाजनावर असेल तर तोही बघा. मोठा रिपोर्ट क्रमवार लावताना तोच भरतो आणि क्वेरी मेली की पुन्हा रिकामा दिसतो.

२००६, ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’. मेल आयात करताना आला तर ‘मॅक्स_अलाउड_पॅकेट’ (एका खेपेत पाठवता येणाऱ्या माहितीची मर्यादा) छोटे आहे. मायएसक्यूएल ५.७ मध्ये ते मुळात ४ एमबी असते, ८ मध्ये ६४ एमबी. क्रॉनमधल्या लांब कामानंतर आला तर ‘वेट_टाइमआउट’ (रिकामी जोडणी किती वेळ टिकते) बघा. मूळ किंमत २८,८०० सेकंद, पण शेअर्ड होस्टिंगवर ती बरीच खाली आणलेली असते. तिसरी शक्यता मायएसक्यूएलच रीस्टार्ट झाल्याची, ती त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये दिसेल.

१२०५ आणि १२१३ म्हणजे कुलुपांची भांडणे. पहिल्यात ५० सेकंद वाट बघून क्वेरी सोडून दिली जाते, दुसऱ्यात (डेडलॉक) एकमेकींसाठी अडलेल्या दोन क्वेरींपैकी एकीचा बळी. ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’मध्ये शेवटच्या डेडलॉकच्या दोन्ही क्वेरी मिळतात. आयात चालू असताना वर्कफ्लोचा शेड्यूलर त्याच लीड्सवर लिहीत असेल तर आयात रात्री करा.

११४२ किंवा १०४४ : कुणीतरी सुरक्षेसाठी डेटाबेस युजरचे अधिकार कमी केले. रोजचे काम चालते, पण स्टुडिओत फील्ड जोडताना फसते, कारण त्याला आल्टर, क्रिएट, ड्रॉप आणि इंडेक्स हे अधिकार लागतात.

दुरुस्तीनंतर

ज्या युजरला एरर आली त्याच्याच लॉगिनने तीच कृती करून बघा. ॲडमिनला सगळे दिसते, त्यामुळे ॲडमिनची चाचणी पुरत नाही. कमांड लाइनवरून रूट म्हणून काही चालवले असेल तर ‘कॅशे’ फोल्डरमधल्या फाइलींचा मालक तपासा. रूटच्या नावाने बनलेली एक कॅशे फाइलसुद्धा पुढची कोरी पाने दाखवायला पुरेशी असते.

बाहेरच्या डेव्हलपरला लॉग पाठवायची वेळ आली तर अख्खी फाइल पाठवू नका. संबंधित प्रोसेस क्रमांकाच्या ओळी, ‘शो क्रिएट टेबल’चा निकाल, स्वीटसीआरएम, पीएचपी आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या आणि एसक्यूएल मोड एवढे पुरते. इन्सर्ट आणि अपडेटच्या ओळींत ग्राहकांची नावे, मोबाइल आणि ईमेल जसेच्या तसे असतात. ते खोट्या मजकुराने बदला, पण लांबी आणि विशेष चिन्हे तशीच ठेवा, कारण १४०६ (मजकूर कॉलमपेक्षा लांब) आणि १३६६ मध्ये चूक नेमकी त्यांतच असते.